मुंबईची सात बेटे : भूमी, भरती आणि वस्ती

भूमी आणि पाणी

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे १९ अंश उत्तर अक्षवृत्तावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेस मुंबई वसलेली आहे. आज नकाशावर पाहिले असता दक्षिणेकडे निमुळता होत गेलेला, हाताच्या पंजासारखा एक सलग भूभाग दिसतो. तथापि हा सलगपणा निसर्गाने दिलेला नाही. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी याच जागी सात लहान बेटे होती आणि त्यांच्यामधून समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत येत व बाहेर जात असे. दक्षिणेकडून क्रमाने सांगावयाचे तर कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम अशी त्यांची नावे होत. त्यांच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट आणि पूर्वेस बंदराच्या पाण्यात तुर्भे, घारापुरी इत्यादी बेटे होती. इ. स. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलज्ञाने ‘हेप्टानेशिया’, म्हणजे सात बेटांचा समूह, असा ज्याचा उल्लेख केला तो हाच प्रदेश असावा, असे सामान्यतः मानले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सात हा आकडा भरतीच्या वेळचा आहे. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पाणपातळीत सुमारे ५ मीटरपर्यंत अंतर पडते. भरतीच्या वेळी ज्या खिंडींतून होड्या जात, त्यांपैकी कित्येक ओहोटीला चिखलाची मैदाने होत आणि माणसे पायी पलीकडे जात. पाणी वाढण्यापूर्वी पलीकडचा काठ गाठला नाही तर जिवावर बेतत असे. तेव्हा या बेटांच्या मध्ये खोल समुद्र नव्हता, तर तिवरांची राने, दलदल आणि खाजणे यांचा सखल पट्टा होता. पुढे घडलेला सारा इतिहास समजण्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

बेटांची घडण ज्वालामुखीच्या खडकांची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्या कालखंडाच्या अखेरीस निर्माण झालेले खडक मुंबईत आढळतात. लाव्हाचे दोन प्रवाह येऊन जाण्याच्या मधल्या काळात येथे गोड्या पाण्याची उथळ सरोवरे होती. त्यांच्या गाळाचे थर खडकांमध्ये सापडले आहेत आणि त्या थरांतून लहान बेडकांचे जीवाश्मही मिळाले आहेत. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या खडकांचे उत्तर-दक्षिण पसरलेले दोन कणे आहेत. पश्चिमेचा कणा वरळीपासून मलबार टेकडीपर्यंत जातो. पूर्वेचा कणा शीव, शिवडी, माझगाव व डोंगरी या उंचवट्यांनी बनलेला आहे. या दोन कण्यांच्या मधला भाग सखल आहे आणि भरतीचे पाणी याच भागात शिरत असे.

समुद्र आणि भूमी यांची पातळी नेहमी एकसारखी राहिलेली नाही, याचाही पुरावा येथे मिळाला आहे. १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉक या गोदीसाठी खोदकाम चालू असता गाळाच्या थराखाली ३०० हून अधिक झाडांचे बुंधे सापडले. त्यांतील पुष्कळ झाडे आपल्या जागी उभी होती आणि त्यांत खैराची झाडे प्रामुख्याने होती. खैर हा खाऱ्या पाण्यात वाढणारा वृक्ष नव्हे. अर्थात एके काळी येथे कोरड्या जमिनीवरील रान होते आणि नंतर ती जमीन पाण्याखाली गेली, असा निष्कर्ष निघतो. बेटे आणि त्यांच्यामधील खाड्या ही भूमीच्या दीर्घ इतिहासातील एक अवस्था होती.

जुने रहिवासी

या बेटांचे सर्वांत जुने ज्ञात रहिवासी म्हणजे कोळी. त्यांची वस्ती खाडीच्या मुखाशी, होड्या ओढून ठेवता येतील अशा काठावर असे. वरळी, माहीम, माझगाव, शीव, कुलाबा या ठिकाणचे कोळीवाडे त्याच वस्त्यांचे वारस होत. कोळ्यांचा व्यवसाय भरती-ओहोटीच्या गणितावर चालतो. बोंबील पकडण्यासाठी ते ‘डोल’ नावाचे पिशवीसारखे निमुळते जाळे वापरतात. हे जाळे समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधून ठेवतात आणि ओढीबरोबर वाहत येणारी मासळी त्यात शिरते. मच्छीमाराने मासळीच्या मागे जावयाचे नसून पाण्याचा ओघ नेमका कोठून व केव्हा वाहील हे जाणून तेथे जाळे लावावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. त्यामुळे खाडीचे मुख, खडकांच्या रांगा आणि त्यांच्यामधील वाटा यांचे ज्ञान हीच कोळ्यांची खरी मालमत्ता होय. मुंबादेवी हे त्यांचे दैवत आणि तिच्याच नावावरून शहराला मुंबई हे नाव पडले.

कोळ्यांच्या जोडीला माडांच्या वाड्या राखणारे भंडारी, मिठागरांत व खारवट जमिनीत भाताची शेती करणारे आगरी आणि इतरही ज्ञाती येथे नांदत होत्या. खाजणाच्या कडेला मातीचे लहान बांध घालून खारे पाणी अडविण्याची आणि पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन ती भाताखाली आणण्याची रीत कोकणात जुनी आहे. समुद्राकडून जमीन मिळविण्याची कल्पना युरोपीय लोकांनी येथे प्रथम आणली, असे म्हणता येणार नाही. मात्र जुने बांध एखाद्या वाडीपुरते किंवा शेतापुरते असत आणि भरतीची मुख्य वाट ते मोकळी ठेवीत.

गोडे पाणी ही बेटांवरील दुसरी महत्त्वाची बाब होती. येथे एकही मोठी नदी नाही. पाऊस मोठा पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडून जातो. त्यामुळे विहिरी आणि तळी यांवरच वर्षाचे उरलेले ८ महिने काढावे लागत. वाळकेश्वर येथील बाणगंगा हे समुद्रापासून अगदी जवळ असूनही गोड्या पाण्याचे तळे आहे. धोबी तलाव, गोवालिया टँक यांसारखी इतर तळी पुढे बुजविली गेली आणि त्यांची केवळ नावे उरली. बेटाचे पाणी अपुरे पडू लागले तेव्हा १८६० मध्ये साष्टीतील विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आणावे लागले.

राजकीय दृष्ट्या ही बेटे दीर्घकाळ मोठ्या राज्यांच्या कडेला राहिली. उत्तर कोकणचे शिलाहार हे नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत येथील सत्ताधीश होते. त्यानंतर माहीम येथे राजधानी करणाऱ्या बिंब राजाच्या आगमनाची हकिकत ‘महिकावतीची बखर’ या ग्रंथात आली आहे. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. चौदाव्या शतकात बेटे मुसलमानी सत्तेखाली आली आणि पुढे गुजरातच्या सुलतानांच्या राज्यात मोडू लागली. माहीम येथे १४३१ मध्ये निधन पावलेले सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आजही त्या काळाची साक्ष देतो.

आंदण मिळालेली बेटे

१५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटे पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगिजांचे लक्ष प्रामुख्याने वसई व गोवा यांकडे होते. त्यांनी ही बेटे आपल्या लोकांना खंडाने दिली. मुंबईचे बेट काही काळ गार्सिया दा ओर्ता या वैद्याकडे होते. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

१६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला आणि त्यात मुंबई आंदण म्हणून देण्यात आली. परंतु ‘मुंबई’ म्हणजे नेमके काय, हे करार करणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. सर अब्राहम शिपमन हा सुमारे ४०० सैनिक घेऊन १६६२ मध्ये बंदरात आला, तेव्हा त्याला साष्टी आणि बंदरातील इतर बेटेही मिळतील अशी अपेक्षा होती. पोर्तुगीज व्हाइसरॉयने ताबा देण्याचे नाकारले. शिपमनच्या तुकडीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम करावा लागला आणि तेथे शिपमनसह बहुतेक सैनिक रोगराईने मरण पावले. अखेर हंफ्री कुक याने १६६५ मध्ये ताबा घेतला तो मुख्यतः मुंबईच्या बेटाचा. माझगाव, परळ, वरळी, माहीम आणि कुलाबा यांच्याविषयीचा वाद पुढे बरीच वर्षे चालला. ओहोटीला मुंबईतून चालत जाता येते, मग हे वेगळे बेट कसे, असा युक्तिवादही त्यात करता येण्याजोगा होता. बेटाची सीमा भरतीच्या वेळी ठरवावयाची की ओहोटीच्या, हा प्रश्न केवळ भूगोलाचा राहिला नाही.

१६६८ मध्ये राजाने हा प्रदेश वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिला. त्या वेळी सर्व बेटांची मिळून लोकसंख्या अंदाजे १०,००० होती. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियर याने व्यापाऱ्यांना व कारागिरांना येथे येऊन राहण्यास उत्तेजन दिले. जुन्या रहिवाशांच्या जमिनीवरील हक्कांबाबत त्याने त्यांच्याशी करार केला आणि ठरावीक वार्षिक रकमेच्या मोबदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे ठेवल्या. समुद्राकडून मिळणारी नवी जमीन मात्र या करारात येत नव्हती. ती कोणाची, हा प्रश्न पुढे वारंवार उद्भवला.

खिंडी बंद होतात

सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या युरोपीय लोकांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. दलदलीची दूषित हवा हे त्याचे कारण मानले जाई. माडांच्या बुंध्याशी खत म्हणून मासळी पुरण्याच्या जुन्या चालीवरही दोष ठेवण्यात आला आणि तिच्यावर बंदी घालण्यात आली. डासांमुळे हिवताप पसरतो, हे रोनाल्ड रॉस याने १८९७ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत दलदल आटविणे हाच उपाय सर्वांना दिसत होता. आरोग्य आणि जमीन असे दोन्ही हेतू त्यातून साधत असल्याने खिंडी बंद करण्याच्या योजना निघू लागल्या.

यांतील सर्वांत मोठी खिंड वरळी आणि मुंबई या बेटांच्या मध्ये, आजच्या महालक्ष्मी मंदिराच्या उत्तरेस होती. भरतीचे पाणी तिच्यातून आत शिरून पूर्वेस थेट माझगावपर्यंत पसरे. पायधुनी या नावाचा अर्थच खाजण ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा असा सांगितला जातो, आणि उमरखाडी हे नाव मुंबई व माझगाव यांच्यामधील खाडीची आठवण ठेवून आहे. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत या मोठ्या खिंडीवर दगडी बांध घालण्यात आला. ‘हॉर्नबी व्हेलार्ड’ या त्याच्या नावातील दुसरा शब्द बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. घातलेला बांध पुनःपुन्हा ढासळत असता समुद्रातून देवीची मूर्ती सापडली, तिची स्थापना केल्यावर बांध टिकला आणि तेच महालक्ष्मीचे मंदिर, अशी आख्यायिका लोकांत प्रचलित आहे. त्या ठिकाणी समुद्राचा जोर किती होता, याची कल्पना या आख्यायिकेवरून येऊ शकते.

दरम्यान आसपासची राजकीय परिस्थितीही पालटली होती. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व साष्टी आणि १७३९ मध्ये वसई घेतली. माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचे राज्य आले आणि इंग्रजांनी घाईघाईने किल्ल्याभोवती खंदक खणला. तोवर मधली खाडी ही तटबंदीच होती. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. आता खाडी संरक्षणाची राहिली नाही, ती अडचणीची झाली. जोनाथन डंकन हा गव्हर्नर असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यान बांधरस्ता झाला. शीव या शब्दाचा अर्थच सीमा असा आहे. १८३८ मध्ये कुलाबा, धाकटा कुलाबा व मुंबई ही बेटे बांधरस्त्याने जोडली गेली. माहीम व वांद्रे यांच्यामधील बांधरस्ता १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत सुमारे ३४ किलोमीटर अंतराची आगगाडी धावली.

या कामांचे खरे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. बांध घातल्याने समुद्र बाहेर राहिला, पण आतील जमीन उंच झाली नाही. भायखळा, कामाठीपुरा आणि परळच्या दक्षिणेकडील जो सखल भाग इंग्रज ‘फ्लॅट्स’ म्हणून ओळखत, तो कोरडा झाला तरी त्याची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीच राहिली. त्यावर जी माती, दगड आणि शहराचा केरकचरा टाकण्यात आला, त्याने खड्डे बुजले. मूळचा उतार मात्र पालटला नाही. पावसाचे पाणी पूर्वी ओहोटीबरोबर खिंडीतून आपोआप बाहेर जात असे. आता त्याला गटारांतून व झडपांतून वाट काढून द्यावी लागली.

टेकड्या आणि भराव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामाची दिशा बदलली. आतल्या खिंडी बंद झाल्यानंतर बाहेरच्या समुद्रात भराव घालून नवी जमीन करण्यास आरंभ झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथून येणारा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या कापसाला इंग्लंडमध्ये भरमसाट भाव आला. त्या पैशातून समुद्र बुजविणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांचा सट्टा माजला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच धामधुमीच्या काळातील होय. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि यांतील अनेक कंपन्या बुडाल्या.

१८७३ मध्ये मुंबई बंदराचा विश्वस्त मंडळाद्वारे कारभार सुरू झाला आणि पूर्व किनाऱ्यावर एकामागून एक गोद्या उभारल्या गेल्या. भरावासाठी दगडमाती हवी होती. ती जवळच्या टेकड्यांतून आली. डोंगरीच्या बाजूची नवरोजी टेकडी यासाठी फोडण्यात आली. अशा रीतीने बेटांमधील पाणी जसे नाहीसे झाले, तसेच बेटांना उंची देणारे काही उंचवटेही खाली आले.

पश्चिमेकडील बॅक बेचा भराव विसाव्या शतकातही वादाचा विषय राहिला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात आखलेली मोठी योजना चुकीचे अंदाज व गैरव्यवहार यांमुळे रखडली. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा गैरव्यवहार उघडकीस आणला. योजनेचा काही भागच पुरा होऊ शकला आणि त्यावर १९३० च्या दशकापासून मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. पुढे त्याच उपसागरात केलेल्या नव्या भरावाला नरिमन पॉइंट हे नाव देण्यात आले. भरावातील गैरव्यवहाराविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव भरावानेच जतन करावे, हा योगायोग लक्षणीय आहे. या सर्व कामांनंतर शीव-माहीमपासून कुलाब्यापर्यंतच्या बेटाचे क्षेत्रफळ आज सुमारे ६८ चौरस किलोमीटर भरते. २०११ च्या जनगणनेनुसार या भागात ३०,८५,४११ लोक राहत होते.

बंदराच्या पाण्यातील घारापुरीची स्थिती याच्या अगदी उलट आहे. सहाव्या शतकातील शैव लेण्यांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या या बेटाला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ही तीन गावे आहेत. मुंबईच्या गेटवेपासून होडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर असूनही तेथे पाण्याखालील तारेने कायमची वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटाला एलेफंटा हे नाव दिले, तो हत्ती बेटावर राहिला नाही. तो आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेट म्हणून राहण्याचे लाभ आणि हानी ही दोन्ही घारापुरीच्या रहिवाशांच्या वाट्याला आली. पाणी, दवाखाना, शाळा यांसाठी त्यांना होडीवर अवलंबून राहावे लागले, परंतु त्यांच्या गावाचा काठ त्यांच्याकडेच राहिला.

पाण्याची जुनी वाट

सात बेटांचा नकाशा केवळ पुराणवस्तुसंशोधकाच्या उपयोगाचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. पावसाळ्यात मुंबईचे जे भाग वारंवार पाण्याखाली जातात, ते पाहू लागले की जुन्या नकाशाची उपयुक्तता ध्यानात येते. परळ-दादरमधील हिंदमाता परिसर हा त्यांपैकी सर्वांना परिचित भाग होय. तो बशीसारखा सखल आहे आणि आसपासच्या उंचवट्यांवरील पाणी त्याच्याकडे धावते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली म्हणजे गटारांची समुद्राकडील तोंडे पाण्याखाली जातात. ती उघडी ठेवली तर समुद्र आत येतो आणि बंद केली तर पाऊस आत साचतो. १९८५ च्या पुरानंतर या प्रश्नाचा अभ्यास करण्यात आला. १९९३ च्या अहवालात पाणी उपसणारी केंद्रे उभारण्याची शिफारस होती आणि त्यानुसार हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इत्यादी ठिकाणी ती पुढे उभी राहिली. यांपैकी हाजी अली व लव्हग्रोव्ह ही केंद्रे जुन्या मोठ्या खिंडीच्या परिसरातच आहेत. पूर्वी जे पाणी ओहोटीबरोबर आपोआप जाई, ते आता त्याच जागी वीज खर्च करून बाहेर फेकावे लागते. हिंदमाताचे पाणी साठवून ठेवण्यासाठी तर जमिनीखाली प्रचंड टाक्या बांधाव्या लागल्या आहेत.

२६ जुलै २००५ या दिवशी हा प्रश्न अत्यंत भीषण स्वरूपात समोर आला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्यास ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. विहार व पवई तलावांकडून येणारी मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. साष्टी आणि माहीम यांच्यामध्ये जे पाणी पूर्वी बेटांना वेगळे करीत असे, तेच आज तिचे मुख आहे. तिच्या काठची तिवरे व दलदलीच्या जागा भरून त्यांवर वसाहती, कारखाने आणि कार्यालये उभी राहिली होती आणि पात्र अरुंद झाले होते. त्या दुपारी समुद्रालाही मोठी भरती होती. नदीचे पाणी पसरावयाचे तेथे पसरले आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. तिवरांचे रान आणि खाजण ही पडीक जागा नसून पुराचे पाणी सामावून घेणारी जागा आहे, हे या दिवसानंतर नव्याने पटू लागले. किनारपट्टीवरील बांधकामाचे नियमन करणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९१ पासूनच अस्तित्वात होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तरीही भरावाचे युग संपलेले नाही. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सागरी किनारा मार्ग २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १०० हेक्टरांहून अधिक भराव घालण्यात आला. या मार्गाच्या वरळीकडील टोकाला कोळीवाडा आहे आणि तेथील होड्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जातात. मार्ग पुढे सागरी सेतूला जोडण्यासाठी जो पूल बांधावयाचा होता, त्याच्या दोन खांबांमध्ये मूळ आराखड्यानुसार ६० मीटर अंतर होते. वारा व ओढ यांमुळे होडी सरळ रेषेत जात नाही, म्हणून एवढे अंतर अपुरे आहे, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी काम अडविले आणि दीर्घ वाटाघाटींनंतर हे अंतर १२० मीटर ठेवण्याचे ठरले.

हॉर्नबीच्या काळी वरळीची खिंड बंद झाली, तेव्हा होड्यांची वाट विचारात घेतली गेली होती असे दिसत नाही. अडीच शतकांनंतर त्याच बेटाच्या काठावर पाणी कसे वाहते हे कोळ्यांना विचारावे लागले आणि आराखडा बदलावा लागला. सात बेटांपैकी एकही आज बेट राहिलेले नाही. पण कोळीवाड्यातील होड्या अजूनही भरतीची वेळ पाहून निघतात, आणि महानगरपालिकेलाही पावसाळ्यापूर्वी मोठ्या भरतीच्या दिवसांचे वेळापत्रक जाहीर करावे लागते.